लुडविग फोरर यांचं चरित्र लिहिताना कोणता धागा धरावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्वित्झर्लंडचे लुडविग फोरर (१८४५–१९२१) यांच्यावर मराठीत चरित्रलेख लिहायचा आहे. पदं आणि तारखा हाताशी आहेत, पण त्यातून माणूस उभा राहत नाही. सगळीकडे त्यांना स्विस सामाजिक विम्याचे जनक म्हटलं आहे, आणि लगेच पुढच्या ओळीत त्यांचा विमा कायदा मतदारांनी फेटाळला असंही लिहिलं आहे. मग जनक कसे? आणि उदारमतवादी गोटातला नेता सक्तीचा सरकारी विमा मागत असेल, तर त्याला उदारमतवादी म्हणायचं की समाजवादी?

अडचण माहितीची नाही, मांडणीची आहे. स्विस राजकारण्याचं चरित्र पदांच्या क्रमाने लिहायला घेतलं की ते हमखास विस्कटतं, कारण तिथली पदं आपल्या सवयीने वाचली तर अर्थ चुकतो. फोरर यांचंच पाहा. १९०३ ते १९१७ अशी सलग पंधरा वर्षं ते फेडरल कौन्सिलमध्ये, म्हणजे सात जणांच्या केंद्रीय मंत्रिमंडळात होते. १९०६ आणि १९१२ या दोन वर्षी ते संघराज्याचे अध्यक्ष होते. ‘दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले’ असं मराठीत लिहिलं की वाचकाला वाटतं, दोन निवडणुका जिंकल्या, दोनदा सत्ता हाती आली. तसं काहीच नसतं. हे पद त्या सात जणांत वर्षावर्षाने फिरतं. ज्याची पाळी असेल तो बैठका चालवतो आणि परदेशी पाहुण्यांचं स्वागत करतो. त्या काळात बहुधा परराष्ट्र खातंही त्या वर्षापुरतं त्याच्याकडे येई. बाकी मताची किंमत इतर सहा जणांइतकीच. या सात जणांना जनता निवडत नाही, संसदेची दोन्ही सभागृहं एकत्र बसून निवडतात, आणि निर्णय सगळ्यांच्या नावाने बाहेर पडतो. त्यामुळे ‘मंत्री असताना फोरर यांनी अमुक केलं’ असं वाक्य लिहिण्याआधी थांबून पाहावं, ते खरोखर त्यांचं काम होतं की मंडळाचं. १८९३ मधलं नॅशनल कौन्सिलचं अध्यक्षपदही असंच एका वर्षाचं. तिथे सरळ ‘कनिष्ठ सभागृहाचे सभापती’ लिहा.

पदं बाजूला ठेवली की एक प्रश्न उरतो आणि तो त्यांच्या जवळजवळ सगळ्या सार्वजनिक आयुष्यातून जातो: कारखान्यात यंत्रात सापडून कामगार जायबंदी झाला, तर त्याच्या घरचा खर्च कोणी आणि कसा चालवायचा? लेखाचा कणा हाच ठेवावा असं मी सुचवेन. किती खोलात जायचं ते लेख कुठे छापून येणार यावर अवलंबून आहे. कोशातली तीनशे शब्दांची नोंद असेल तर १८९०, १९०० आणि १९१२ ही तीन मतदानं पुरतील. कामगार कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी असेल तर आकडेमोड हवीच. सामान्य वाचकासाठी मासिकात येणार असेल तर विंटरथूर शहरापासून सुरुवात करा.

विंटरथूर का, तर फोरर यांचं राजकारण तिथे घडलं. त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४५ रोजी इस्लिकोन इथला, आणि हे गाव थुर्गाऊ कँटनमध्ये (कँटन म्हणजे स्विस संघराज्यातलं घटकराज्य) येतं. राजकीय आयुष्य मात्र शेजारच्या झ्युरिक कँटनमध्ये गेलं. अनेक लेखांत ‘झ्युरिकमध्ये जन्मलेले’ असं येतं, ते इथूनच. झ्युरिकला कायद्याचं शिक्षण झालं, पुढे कँटनच्या पोलीस दलात अधिकारी, मग सरकारी वकील आणि १८७३ पासून विंटरथूरमध्ये स्वतःची वकिली. विंटरथूर हे यंत्रांचं शहर. सुल्झर आणि रीटर यांचे कारखाने, १८७१ मध्ये स्थापन झालेला रेल्वे इंजिनांचा कारखाना, ओतशाळा, सूतगिरण्या. तिथल्या वकिलाला कारखान्यातले अपघात पुस्तकात शोधावे लागत नव्हते.

याच शहरातून झ्युरिकची डेमोक्रॅटिक चळवळ उभी राहिली होती. कँटनची सत्ता तोवर आल्फ्रेड एशर यांच्या उदारमतवादी गटाकडे होती: रेल्वे, बँक, संसद, सगळीकडे तीच माणसं. विंटरथूरच्या ‘लांडबोटे’ या वृत्तपत्राभोवती जमलेल्या मंडळींनी त्याविरुद्ध लोकांना उभं केलं आणि १८६९ मध्ये कँटनची नवी राज्यघटना मंजूर करून घेतली. कायद्यांवर लोकांचं मतदान, लोकांना कायदा सुचवण्याचा हक्क, सरकारची थेट निवडणूक, चढत्या दराचा कर आणि सामान्य माणसाला कर्ज देणारी कँटनची बँक. फोरर या परंपरेतले आहेत. १८७४ च्या संघीय राज्यघटनेत सार्वमताचा हक्क आला, म्हणजे संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध ३०,००० नागरिकांच्या सह्या जमल्या की तो कायदा देशभर मताला टाकायचा. हे सुरुवातीलाच नीट सांगून ठेवा, कारण पुढे त्यांचा कायदा याच हक्काने पडला आणि तो हक्क त्यांच्याच विचारांच्या माणसांनी लढून मिळवला होता.

१८७५ मध्ये फोरर प्रथम नॅशनल कौन्सिलवर निवडून आले आणि मधला छोटा खंड सोडला तर १९०० पर्यंत तिथे होते. लोक त्यांना ‘विंटरथूरचा सिंह’ म्हणत. ही उपाधी द्यायला हरकत नाही, पण तिच्यावर परिच्छेद खर्ची घालू नका. त्यापेक्षा त्या वर्षांतला कायदा समजावून सांगा, कारण फोरर यांचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

२१ ऑक्टोबर १८७७ रोजी संघीय कारखाना कायदा सार्वमतात अगदी थोडक्यात तरला: बाजूने १,८१,२०४, विरोधात १,७०,८५७. दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास काम, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, आणि अपघाताबद्दल मालकाचं उत्तरदायित्व, या त्यातल्या मुख्य गोष्टी. उत्तरदायित्वाचा तपशील १८८१ च्या वेगळ्या कायद्यात आला आणि १८८७ मध्ये तो बांधकामासारख्या इतर धंद्यांना लागू झाला. तत्त्व चांगलं होतं. मालकाची चूक नसली तरी भरपाई द्यायची. सुटका फक्त दैवी आपत्ती, त्रयस्थाचा गुन्हा किंवा कामगाराची स्वतःची चूक सिद्ध झाली तर. पण अपघात निव्वळ योगायोगाने घडला असेल तर रक्कम कमी होई, कामगाराचा थोडा दोष निघाला तरी कमी होई, आणि वरची मर्यादा होती वार्षिक कमाईच्या सहापट, तीही ६,००० फ्रँकच्या आत.

बिघडायचं ते इथेच. रक्कम कशाने कमी होते हे ठरल्यावर मालकाला, किंवा त्याने जिच्याकडे विमा उतरवला त्या खासगी कंपनीला, प्रत्येक अपघातात कामगाराचा दोष शोधण्यात फायदा दिसू लागला. कामगाराला ज्याच्याकडे उद्या पुन्हा कामाला जायचं त्याच्यावरच दावा लावायचा होता. साक्षीदार म्हणजे त्याचे सोबती, तेही त्याच मालकाचे नोकर. म्हणून बहुतेक जण मिळेल त्या रकमेवर तडजोड करत. दुसरीकडे चार-सहा माणसं ठेवणाऱ्या छोट्या मालकाला एक मोठा अपघात धंदा बंद करायला पुरेसा होता. आणि पैसे मिळाले तरी एकरकमी मिळत. घरात कमावता माणूस नाही, हातात एकदम मोठी रक्कम आली, काही वर्षांत संपली आणि कुटुंब गावाच्या गरीब-निधीच्या दारात, हे चित्र नेहमीचं होतं.

फोरर यांनी १८८९ मध्ये अपघात विम्याबद्दल जे निवेदन लिहिलं त्याचा गाभा हा: उत्तरदायित्वाने दोन पक्ष भांडायला उभे राहतात, विम्याने ते भांडण मिटतं. चूक कोणाची हा प्रश्नच काढून टाका. अपघात हा यंत्रावर चालणाऱ्या उद्योगाचा ठरलेला खर्च आहे. तो उद्योगाने हप्त्याच्या रूपाने आधीच भरावा, आणि जखमी माणसाला ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी मिळावी. संसदेत या विषयाला बाझेलचे विल्हेल्म क्लाइन यांनी १८८५ मध्ये तोंड फोडलं होतं, आणि शेजारी जर्मनीत बिस्मार्क यांचा आजार विमा (१८८३) व अपघात विमा (१८८४) सुरू झालेला होता. जर्मनीचा नमुना समोर होता हे लपवण्याचं कारण नाही. पण ‘बिस्मार्कची नक्कल’ असं एका शब्दात निपटू नका. बिस्मार्क यांनी वरून कायदा दिला. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक टप्प्यावर मतदाराला पटवावं लागणार होतं.

पहिला टप्पा सहज पार पडला. २६ ऑक्टोबर १८९० रोजी राज्यघटनेत ‘३४ बिस’ (म्हणजे ३४ नंतर जोडलेलं) हे कलम घालायला सुमारे ७५ टक्के मतदारांनी होकार दिला. संघराज्याने आजार व अपघात विमा स्थापन करावा, अस्तित्वात असलेल्या आजार निधींचा विचार करावा, आणि विमा सर्वांना किंवा काही वर्गांना सक्तीचा करता यावा, असा त्या कलमाचा आशय. कायद्याचा मसुदा करण्याचं काम फोरर यांच्याकडे आलं. हप्ते किती लागतील याचं गणित मांडायला हेरमान किंकेलिन आणि क्रिश्चियन मोझर यांच्यासारखे गणितज्ञ होते. १८९६ मध्ये विधेयक संसदेपुढे आलं आणि ५ ऑक्टोबर १८९९ रोजी मंजूर झालं. नॅशनल कौन्सिलमध्ये विरोधात एकच मत पडलं. यालाच ‘लेक्स फोरर’ म्हणतात.

त्यात तीन विमे एकत्र बांधले होते: मजुरीवर काम करणाऱ्यांना सक्तीचा आजार विमा, सक्तीचा अपघात विमा आणि सैनिकांचा विमा. आजार विम्यासाठी सार्वजनिक निधी उभारायचे होते, त्यात कामगार आणि मालक दोघांनी भरायचं होतं. कलमं चारशेच्या आसपास.

विरोधकांनी सह्या गोळा केल्या आणि २० मे १९०० रोजी मतदान झालं. बाजूने १,४८,०३५, विरोधात ३,४१,९१४. म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के नकार. दहा वर्षांपूर्वी तत्त्वाला तीन चतुर्थांश होकार देणाऱ्या देशाने त्याच तत्त्वाच्या तपशिलाला इतका नकार दिला. तुमच्या लेखाचा मध्यबिंदू हे मतदान असावा आणि इथे जागा देताना हात आखडता घेऊ नये.

नकाराचं कारण एक नव्हतं, आणि एकच कारण देणारे लेख इथे फसतात. गावोगावी परस्पर मदतीचे आजार निधी आधीपासून होते, विशेषतः फ्रेंचभाषक भागात. त्यांच्या सभासदांना वाटलं की सरकारी निधी आपल्याला गिळेल. शेतकऱ्याला आपल्या गड्यासाठी हप्ता भरावा लागणार होता. कामगाराच्या हाती येणाऱ्या पगारातून कपात होणार होती, आणि आजारी पडल्यावर मिळणारा फायदा दूरचा होता. कँटनांच्या अधिकाराला जपणाऱ्यांना बर्नमधल्या केंद्र सरकारच्या हाती आणखी एक मोठी यंत्रणा नको होती. खासगी विमा कंपन्यांचं हित उघड होतं. यातला प्रत्येक गट कायद्याच्या वेगळ्या भागावर नाराज होता, पण मतपत्रिकेवर हो किंवा नाही एवढंच लिहायचं होतं. तीन विमे एकाच कायद्यात बांधल्यामुळे प्रत्येक भागाचे विरोधक एका बाजूला गोळा झाले. माझ्या मते पराभवाचं मुख्य कारण हेच. संसदेतलं जवळपास एकमत फसवं ठरलं, कारण तिथे तडजोडीत सामील झालेले पुढारी आपल्या मतदारांना सोबत आणू शकले नाहीत.

पराभवानंतर फोरर यांनी नॅशनल कौन्सिल सोडलं आणि बर्नमधल्या आंतरराष्ट्रीय रेल्वे वाहतुकीच्या मध्यवर्ती कार्यालयाचे संचालक झाले. चरित्रकार इथे ‘खचून राजकारणातून निवृत्त’ वगैरे रंग भरतात. तो मोह टाळा. दोन वर्षांत ते परत आले. फेडरल कौन्सिलमधले झ्युरिकचे मंत्री वॉल्टर हाउझर ऑक्टोबर १९०२ मध्ये वारले आणि त्या जागी ११ डिसेंबर १९०२ रोजी फोरर यांची निवड झाली. ज्या माणसाचा कायदा देशाने अडीच वर्षांपूर्वी आपटला होता त्याला संसद मंत्री करते, हे वाचकाला खटकेल. आपल्याकडे पराभूत प्रस्ताव आणि पराभूत माणूस यांत फरक केला जात नाही. सार्वमताच्या देशात कायदा पडला तरी मांडणाऱ्याला घरी जावं लागत नाही, मुद्दा परत घेऊन यायला त्याला वाव असतो. हे एका वाक्यात सांगितलं तर पुढचा भाग समजतो.

मुद्दा परत आला तो तुकड्यांनी. सैनिकांचा विमा वेगळा काढून १९०१ मध्येच स्वतंत्र कायदा झाला. आजार विम्यातली सक्ती काढून टाकली. जे निधी अटी पाळतील त्यांना संघराज्याने अनुदान द्यायचं, पुरुष सभासदामागे वर्षाला ३.५० फ्रँक आणि स्त्री सभासदामागे ४ फ्रँक, अशी सोपी व्यवस्था ठेवली. सक्ती करायची की नाही हे कँटनांवर सोडलं. १९०० मध्ये विरोधात गेलेल्या आजार निधींना आता कायद्यातून पैसे मिळणार होते. अपघात विमा मात्र सक्तीचा आणि एकाच सार्वजनिक संस्थेकडे राहिला. हा कायदा १३ जून १९११ रोजी मंजूर झाला, त्याविरुद्धही सह्या जमल्या, आणि ४ फेब्रुवारी १९१२ रोजी २,८७,५६५ विरुद्ध २,४१,४१६ मतांनी तो तरला. त्या वर्षी अध्यक्षपदाची पाळी फोरर यांची होती हा योगायोग. ‘अध्यक्ष म्हणून त्यांनी कायदा मंजूर करून घेतला’ असं लिहू नका.

आता आकडेमोड. कायद्याने काय बदललं हे पदव्यांपेक्षा यातून जास्त कळतं. समजा एका ओतशाळेतल्या कामगाराला दिवसाला ४ फ्रँक मिळतात आणि वर्षाला ३०० दिवस काम आहे, म्हणजे वर्षाची कमाई १,२०० फ्रँक. १८८१ च्या कायद्याखाली तो कायमचा निकामी झाला तर सहापट म्हणजे ७,२०० होतात, पण मर्यादेमुळे ६,००० वरच थांबायचं, तेही कोर्टात दोष निघाला नाही तर. १९११ च्या कायद्याखाली उपचार चालू असताना अपघातानंतर तिसऱ्या दिवसापासून मजुरीच्या ८० टक्के, म्हणजे रोज ३ फ्रँक २० सेंटिम. पूर्ण निकामी झाल्यास वार्षिक कमाईच्या ७० टक्के, म्हणजे वर्षाला ८४० फ्रँक, जन्मभर. जुन्या कायद्याची जास्तीत जास्त रक्कम या दराने सात वर्षांत संपते. तिशीतल्या माणसाला हा फरक किती मोठा, ते वेगळं सांगायला नको. तो मेला तर विधवेला ३० टक्के म्हणजे ३६० आणि प्रत्येक मुलाला १५ टक्के म्हणजे १८०, एकूण ६० टक्क्यांच्या आत. दोन मुलं असली की ७२० होतात आणि मर्यादा तिथेच गाठली जाते. तिसरं मूल असेल तर तेवढ्याच रकमेची वाटणी होते. ही उणीवही लिहा. आपल्याकडच्या ईएसआयसारखी यालाही कमाईची वरची मर्यादा होती: दिवसाला १४ फ्रँक, वर्षाला ४,००० फ्रँक.

हप्त्याची विभागणीही पाहण्यासारखी आहे. कामावरच्या अपघातांचा हप्ता पूर्णपणे मालकाने भरायचा. तो कामगाराच्या पगारातून कापता येणार नाही. कामाबाहेरच्या अपघातांचा, म्हणजे घरी शिडीवरून पडणं वगैरे, मुख्य भार कामगारावर. त्या काळात कामाबाहेरचे अपघात विम्यात घेणं ही पुढची पायरी होती. आणि धोका जास्त तिथे हप्ता जास्त असं वर्गीकरण असल्यामुळे यंत्राला जाळी बसवण्यात मालकाचा स्वतःचा फायदा झाला. संस्था ल्युसर्नमध्ये उभी राहिली, तिचं नाव सुवा. तिच्या कारभारी मंडळात मालक, विमाधारक कामगार आणि संघराज्य असे तिन्ही पक्ष बसले. प्रत्यक्ष विमा १ एप्रिल १९१८ पासून सुरू झाला. फोरर ३१ डिसेंबर १९१७ रोजी मंत्रिपदावरून उतरले होते. त्यांच्या जागी रोबर्ट हाब आले.

मग ‘जनक’ म्हणावं का? मी हा शब्द वापरणार असेन तर लगेच हिशेब देईन. चूक शोधण्याऐवजी विमा हे सूत्र, १८९० च्या कलमामागचा आग्रह आणि पहिला संपूर्ण मसुदा त्यांचा. १९११ च्या कायद्यातला अपघात विमा, म्हणजे सक्ती, एकच सार्वजनिक संस्था आणि मालकाच्या उत्तरदायित्वाची जागा घेणारा हप्ता, हा त्याच मसुद्याचा वंशज. पण १९११ चा कायदा अनेकांच्या हातून घडला आणि त्यातून फोरर यांची आवडती गोष्ट, सक्तीचा आजार विमा, गेली. ती संपूर्ण देशासाठी यायला १ जानेवारी १९९६ उजाडावं लागलं, आणि त्यासाठीचं डिसेंबर १९९४ चं मतदानही ५२ टक्क्यांच्या आतच होतं. ‘अपघात विम्याचे मुख्य शिल्पकार, आजार विम्यात पराभूत’ असं लिहिलंत तर कोणीही बोट ठेवू शकणार नाही.

उदारमतवादी की समाजवादी, याचं उत्तर शब्दकोशात नाही, त्या काळच्या पक्षांत आहे. स्विस समाजवादी लोकशाही पक्ष १८८८ चा, फ्रायझिन म्हणजे रॅडिकल-उदारमतवाद्यांचा देशव्यापी पक्ष १८९४ चा. फोरर दुसऱ्या कुळातले. त्यांनी कारखान्याची मालकी बदलायला सांगितलं नाही. करातून मदत वाटायची असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. हप्ता भरा आणि हक्काने घ्या, ही त्यांची रचना होती, आणि तिच्यात मालकाचीही कोर्टकचेरीतून सुटका होत होती. पण एशर यांच्यासारखा उदारमतवादी जिथे उद्योजकाच्या पुढाकारावर थांबतो, तिथे विंटरथूरचे डेमोक्रॅट संघराज्याला पुढे आणतात. १८९८ मध्ये रेल्वे राष्ट्रीयीकरणाला देशाने दोन तृतीयांश मतांनी मान्यता दिली, तेव्हा सरकारने उद्योग चालवणं म्हणजे समाजवाद अशी सरळ वाटणी तिथल्या मतदारानेही केली नव्हती. उलट १८९४ मध्ये ‘कामाचा हक्क’ मागणारा समाजवाद्यांचा प्रस्ताव त्याच मतदाराने ऐंशी टक्क्यांनी पाडला होता. या दोन मतदानांच्या मधली जागा फोरर यांची. पहिल्या उल्लेखात ‘झ्युरिकच्या डेमोक्रॅटिक चळवळीतून आलेले, संसदेत रॅडिकल-उदारमतवादी गटात बसणारे’ असं पूर्ण लिहा. पुढे ‘सामाजिक वृत्तीचे उदारमतवादी’ चालेल.

उरलेली मंत्रिपदाची वर्षं मी दोन परिच्छेदांत संपवेन. मे १९०६ मध्ये सिंप्लॉन बोगद्याच्या उद्घाटनाला इटलीचे राजे आले, तेव्हा यजमान अध्यक्ष म्हणून फोरर होते. सप्टेंबर १९१२ मध्ये जर्मन सम्राट दुसरे विल्हेल्म लष्करी सराव पाहायला आले, तेव्हाही तेच. छायाचित्रं याच प्रसंगांची सहज मिळतात, म्हणून लेख तिकडे झुकतो. त्याऐवजी १९०९ चा गॉटहार्ड करार घ्या. रेल्वेचा कारभार पाहताना त्यांना या वादाला तोंड द्यावं लागलं. गॉटहार्ड रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्यावर जर्मनी आणि इटलीला वाहतूक दराच्या ज्या सवलती दिल्या, त्यांवर देशभर संताप झाला. त्या करारावर लोकांना मत देता आलं नव्हतं. त्यातूनच दीर्घ मुदतीच्या परराष्ट्र करारांवरही सार्वमत घेता यावं ही मागणी उठली आणि ३० जानेवारी १९२१ रोजी मंजूर झाली. फोरर त्याच वर्षी २८ सप्टेंबरला बर्नमध्ये वारले.

शेवटी काही बारीक खबरदारी. या विषयात प्रत्येक कायद्याला तीन तारखा असतात: संसदेची मंजुरी, सार्वमत आणि अंमल. १९११, १९१२ आणि १९१८ ही एकाच कायद्याची वर्षं आहेत. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळं वर्ष दिसलं तर ते परस्परविरोधी समजू नका, तिन्ही लिहा. ‘लेक्स फोरर’ हे नाव १८९९ च्या पडलेल्या कायद्यापुरतंच ठेवा. घटनादुरुस्तीला मतदारांसोबत कँटनांचंही बहुमत लागतं, साध्या कायद्याला लागत नाही. त्यामुळे १८९० आणि १९०० ची तुलना करताना हा फरक एका ओळीत द्या. आणि ‘स्विस जनतेने’ असं लिहाल तिथे ‘पुरुष मतदारांनी’ लिहा: संघीय पातळीवर स्त्रियांना मताचा हक्क १९७१ मध्ये मिळाला, त्यामुळे विधवेच्या निवृत्तिवेतनाचा दर ज्या मतदानांत ठरला, त्यांत एकाही स्त्रीचं मत नव्हतं.